फोन तोच राहिला

धनश्री : गावाकडच्या गोरक्षदादानं मला बजावलं होतं, सहादेवभाऊ. मोबाइलची कंपनी बदलायच्या आधी, आई जिथून फोन करते त्या बूथवाल्याला नवा नंबर कळव. मी म्हटलं, फोन तोच राहणार आहे, आतलं कार्ड तेवढं बदलायचं, त्याचा कशाला एवढा बाऊ. आता महिना झाला आईचा फोन नाही, म्हणून दादाकडून तुमचा नंबर घेतला.

सहादेव : म्हंजी लंकामावशीची लेक तुमीच. नगरवाली. बरं झालं, खरा आवाज तरी ऐकला.

धनश्री : खरा म्हणजे?

सहादेव : मावशी रोज याची की माझ्या बूथवर. उसाच्या फडातून सुटली की सरळ हितं. चंचीतनं चिठ्ठी काढायची, मी आकडे दाबायचे. पलीकडनं एक बाई बोलायची, आधी इंग्रजीत, मग हिंदीत, का हा नंबर बंद हाय.

धनश्री : ती कंपनीनं रेकॉर्ड करून ठेवलेली बाई असते.

सहादेव : मला ठावं हाय ओ. मावशीला कोन पटवनार? म्हनती, ही माझी धनूच. कॉलेजात गेल्यापासून अशीच बोलती. पयल्या दिवशी मी लई हसलो. दुसऱ्या दिवशी न्हाई.

धनश्री : का?

सहादेव : मावशी त्या बाईला उत्तरं द्याया लागली. बाळ दूध पितं का, कुंची शिवलीया, कुनाबरुबर पाठवू. ती बाई आपली तेच ते बोलती. मग मावशी मला म्हनली, बाळंतपनाला गेले न्हाई म्हनून रागावली हाय.

धनश्री : मीच नको म्हटलं होतं तिला. तुझा सीझन बुडेल, असं म्हटलं.

सहादेव : आन नवा नंबर दिला तरी कोनाकोनाला?

धनश्री : बाळाच्या डॉक्टरांना. सासूबाईंना. ह्यांच्या ऑफिसात. दूधवाल्याला. जुन्या कंपनीची घरात रेंजच येत नव्हती, बाळाला काही झालं तर कुणाला कळवणार, म्हणून तर बदलली.

सहादेव : दूधवाल्याला दिला.

धनश्री : तुमच्याकडे फोन करायचा म्हणजे ऊसतोडीची टोळी, आईचं नाव, सगळं मोठ्यानं सांगावं लागलं असतं. घरात कुणी ना कुणी असतं. इथे मी सांगून ठेवलंय, माहेरी बागायत आहे. आज करू, उद्या करू, असं करत राहिलं ते.

सहादेव : ताई, ते ऱ्हाऊ द्या. मावशीच्या हाताचं इचारा.

धनश्री : हाताला काय झालं?

सहादेव : कोयता लागलाय, डाव्या हाताला. फडकं बांधून आलती, बोटं पार फुगल्याली. मी म्हनलं, दवाखान्यात चल, मी नेतो. म्हनली, लेकीच्या वळखीचे डॉक्टर हायत, तिला इचारते आन मग जाते. बाईनं पुन्यांदा तेच सांगितलं. मावशी घडीभर ऐकत ऱ्हायली, मग म्हनली, बरं बाई, ठेवते. तवापसनं आली न्हाई. आज पाचवा दिवस.

धनश्री : पाच दिवस. तिच्यापाशी कुणी असेल ना?

सहादेव : सगळी फडात जात्यात. खोपीवर कोन थांबतंय? मी बी गेलो न्हाई, खरं सांगतो. मला वाटलं, लेकीनं न्हेलं आसंल.

(शेजारच्या वहिनी विरजणाची वाटी घेऊन धनश्रीच्या दारात येतात.)

सहादेव : हॅलो. ताई, हाय ना तुमी?

धनश्री : आहे.

सहादेव : हितं पाथर्डीच्याच शंभरेक खोपी हायत. मावशी कंच्या टोळीत हाय? मोठ्यानं बोला, ऐकू येईना.

धनश्री : श्रीमंत मुकादमाच्या टोळीत. लंकाबाई, पाथर्डीची. माझी आई ऊस तोडते, सहादेवभाऊ. वहिनी, आत या ना, बाळाला जरा घेता? सहादेवभाऊ, बूथ उघडा राहू द्या, पण जाऊन बघा. आधी हात बघा तिचा, गरम लागतोय का ते. मी फोन ठेवत नाही.