सतरा पायऱ्यांसाठी गाडी

दुकानदार: आता सांग, पाठीला ऊब लागतेय की नाही?

बायको: लागतेय. बंद करा.

दुकानदार: ही सीट आतून तापते. पुढच्या दोन्ही. तीन टप्पे आहेत, हा पहिलाच.

बायको: अहो, बाहेर ऊन मी म्हणतंय. मला कशाला शेकताय?

दुकानदार: थंडीत उपयोग होईल.

बायको: थंडीत आपण कुठे जातो?

दुकानदार: हेच तू उन्हाळ्यातही विचारतेस.

बायको: कारण उत्तर उन्हाळ्यातही तेच असतं. खाली चष्म्याचं दुकान, वर घर, मध्ये सतरा पायऱ्या. तुमचा सगळा प्रवास तेवढाच. ही गाडी कितव्या पायरीवर लावणार?

दुकानदार: दारात लावणार. गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. पुढच्या चौकात त्या कंपनीवाल्यांनी काचेचं दुकान थाटलंय, एका चष्म्यावर एक फुकट. त्यांच्यापुढे आपली पत नको राहायला?

बायको: गिऱ्हाईक काय म्हणेल ठाऊक आहे? म्हणेल, आपल्या फ्रेमचे पैसे इथे गेले तर.

दुकानदार: म्हणू दे. पण मोठा माणूस म्हणेल.

बायको: आणि नुसती उभी करायला डिझेलची कशाला? दिसायला पेट्रोलचीही तेवढीच दिसते.

दुकानदार: डिझेलच्या इंजिनाला ओढ असते. मघाशी चढावर पाहिलंस ना, कशी गेली? वाण्याकडे निघाल्यासारखी. आवाज नाही, कण्हणं नाही. आठ वर्षांची आहे असं वाटतं का?

बायको: मला नाही वाटलं. काकांनीच सांगितलं. मागची खिडकी पावसाळ्यात अडकते, डाव्या दाराचं रबर गेलंय, गाणी लावली की दर पाच मिनिटांनी आपोआप बातम्या लागतात.

दुकानदार: काका म्हणजे गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर? हे तुला कधी सांगितलं?

बायको: तुम्ही डिकी उघडझाप करत होतात तेव्हा. अकरा वेळा केलीत.

दुकानदार: बटणावर आहे ती. पण विकायला आलेला माणूस गाडीचे दोष सांगतो? मालकाने ह्यांना पाठवलंय कशाला?

बायको: तेच मी विचारलं. म्हणाले, मालकांनी बॅटरीवरची घेतली, ही विकून टाक म्हणाले. पण गाडी कुणाच्या हाती जातेय ते बघून द्यायची, असं ह्यांनी स्वतःच ठरवलंय. आपल्याआधी चौघांना वाटेला लावलं.

दुकानदार: आणि मुख्य दोष कुठला, तो सांगितला का?

बायको: सांगितला. धुराच्या नळीत एक फिल्टर आहे. काजळी त्यात अडकते. गाडी गावातल्या गावात घुटमळत राहिली की ती साचत जाते, मग दिवा लागतो, मग गाडी रुसते, आणि मग फिल्टरच बदलावा लागतो. त्याची किंमत ऐकून मी त्यांना पुन्हा विचारलं. तेवढीच सांगितली.

दुकानदार: त्यावर उपाय असेलच की काही.

बायको: आहे. आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर न्यायची. अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं, एका चालीने, कुठे न थांबता. काजळी आपोआप जळून जाते.

दुकानदार: बस? एवढंच?

बायको: एवढंच. तेव्हापासून मला गाडी आवडायला लागली.

दुकानदार: हे मला जरा संशयास्पद वाटतंय.

बायको: घेऊ या. माझी हरकत नाही. दर रविवारी सकाळी तुम्ही आणि मी. दुकान बंद.

दुकानदार: रविवारी?

बायको: रविवारी.

दुकानदार: अगं, लोकांना डोळे रविवारीच आठवतात. आठवडाभर ते आंधळ्यासारखे कामाला जातात. दादांच्या काळापासून आपलं दुकान रविवारी...

बायको: दादांच्या काळात आईही हेच ऐकत होत्या. अहो, लग्नाला अठरा वर्षं झाली. दोघं मिळून शेवटचे कुठे गेलो होतो, सांगा.

दुकानदार: तुझ्या बहिणीकडे.

बायको: सात वर्षं झाली त्याला. तिथेही पिशवीत नमुन्याच्या फ्रेमा घेऊन आलात. तिच्या सासूचा नंबर काढलात, दिराला फ्रेम विकलीत. परत येताना म्हणालात, ट्रिप छान झाली.

दुकानदार: सासूबाईंना लांबचं दिसत नव्हतं. कुणी लक्षच दिलं नव्हतं.

बायको: म्हणजे माणसाला काय दिसत नाही ते तुम्हाला कळतं. कुठे तरी कळतं.

दुकानदार: थांब, काकांनाच बोलावतो. फिल्टरचं काहीतरी वाढवून सांगितलं असणार. काका, या जरा इकडे. बसा मागे, दार लावून घ्या.

(ड्रायव्हर मागच्या सीटवर, कडेला, पाहुण्यासारखा बसतो.)

ड्रायव्हर: बोला, साहेब.

दुकानदार: ते फिल्टरचं. दर आठवड्याला न्यावीच लागते का? महिन्यातून एकदा लांब नेली तर?

ड्रायव्हर: महिन्यातून एकदा जेवून चालतं का, साहेब?

दुकानदार: तुम्ही नेता दर आठवड्याला?

ड्रायव्हर: सहा वर्षं झाली. रविवारी सकाळी. टोलनाक्याच्या अलीकडून वळायचं आणि माघारी. फिल्टर अजून कंपनीचाच आहे, बघा.

बायको: एकटेच जाता का, काका?

ड्रायव्हर: नाही, ताई. बायको असते शेजारी. मालकांना सांगून नेतो. ते म्हणाले, ने की, कुणाला तरी वाटू दे गाडी घेतल्यासारखं.

बायको: काय करता तासभर?

ड्रायव्हर: मी चालवतो. ती रस्त्यावरच्या पाट्या वाचते, मोठ्याने. शाळा दुसरीत सुटली होती तिची. आधी एकेक अक्षर लावायची, तोवर पाटी मागे जायची. मग उरलेली पाटी परत येताना. आता पाटी दिसायच्या आधीच सांगते.

दुकानदार: मग ते वाचणं नव्हे. ते पाठ झालंय. आमच्याकडेही लोक तक्ता पाठ करून येतात.

ड्रायव्हर: मीही तेच म्हणतो. ती म्हणते, तुम्ही पुढे बघा.

बायको: बरोबर म्हणतात त्या.

दुकानदार: काका, मला एक सुचलंय. अगं, तूही ऐक, सगळ्यांच्या सोयीचं आहे. गाडी आम्ही घेतो. तुमच्या मालकाने बॅटरीवरची घेतली, तिला हे असलं काही लागत नाही, म्हणजे तुमचा रविवार मोकळाच. तर रविवारी सकाळी तुम्ही यायचं आणि हीच गाडी हमरस्त्यावर न्यायची. तुमचे पैसे मी वेगळे देईन. काकूंनाही आणा, त्यांची वाचायची सवय नको मोडायला. ही मागे बसेल.

बायको: कोण मागे बसेल?

दुकानदार: तू. तुला रविवारी बाहेर पडायचं होतं ना?

बायको: आणि तुम्ही?

दुकानदार: मी दुकानात. गिऱ्हाईक सांभाळायला कुणी नको?

बायको: म्हणजे मला काका फिरवणार.

दुकानदार: काका उत्तम चालवतात. मघाशी चढावर तू स्वतःच म्हणालीस.

बायको: म्हणाले मी.

दुकानदार: मग अडलं कुठे? फिल्टर साफ होईल की नाही?

बायको: फिल्टर होईल.

दुकानदार: झालं तर. काय काका, कधीपासून येता?

ड्रायव्हर: नाही जमणार, साहेब.

दुकानदार: पैशांचं म्हणत असाल तर बोलू आपण.

ड्रायव्हर: पैशांचं नाही. रविवारी मी बायकोला घेऊन जातो.

दुकानदार: तेच तर मी म्हणतोय. घेऊनच या त्यांना.

ड्रायव्हर: पगार घेतला की मी ड्रायव्हर झालो. मग ताईंना विचारून वळायचं, ताई म्हणतील तिथे थांबायचं. बायको पाट्या वाचायची नाही, लाजेल. सहा दिवस चालवतो तसं सातव्या दिवशी नको.

दुकानदार: पण ही गाडी विकली गेल्यावर तुम्ही रविवारी जाणार कशाने?

ड्रायव्हर: बस जाते ना त्याच रस्त्याने.

दुकानदार: बसने? ह्या गाडीत सहा वर्षं बसल्यावर?

ड्रायव्हर: बसच्या खिडक्या मोठ्या असतात. आणि मला पुढे बघावं लागणार नाही.

बायको: किती वाजता असते, काका?

ड्रायव्हर: नऊला एक, अकराला एक. नऊची बरी, जागा मिळते.

दुकानदार: तू कशाला विचारतेस?

बायको: मला जायचंय म्हणून.

दुकानदार: एकटी?

बायको: काकांची बायको असेल. त्या वाचतील, मी ऐकेन.

दुकानदार: लोक काय म्हणतील? दारात एवढी मोठी गाडी आणि बायको बसच्या रांगेत.

बायको: म्हणतील, मोठा माणूस.

दुकानदार: काका, तुम्ही काहीतरी बोला.

ड्रायव्हर: मी काय बोलू? मालक संध्याकाळी विचारतील, काय झालं म्हणून. त्यांना काय सांगू तेवढं सांगा.

दुकानदार: थांबा. विचार करू द्या.

ड्रायव्हर: करा. मी बाहेर उभा राहतो.

दुकानदार: बसा हो. दार उघडलं की ऊन येतं आत.

बायको: सीट अजून गरमच आहे.

दुकानदार: बंद केलीये. निवायला वेळ लागतो.

बायको: लागतो खरा.

दुकानदार: ही घ्या किल्ली, काका. मालकांना सांगा, गाडी झकास आहे, पण घेणारा सतरा पायऱ्यांपलीकडे जात नाही. तिची आबाळ होईल.

ड्रायव्हर: असं सांगणारे तुम्ही पहिलेच. बाकीच्यांनी किंमत जास्त आहे म्हणून सांगायला लावलं.

दुकानदार: ती नऊची बस माघारी कितीला येते?

ड्रायव्हर: साडेअकरा होतात.

दुकानदार: म्हणजे बाराला दुकान उघडता येईल.

बायको: साडेबाराला. उतरल्यावर मी चहा घेणार आहे.