सव्वीस जानेवारीचा दहावा

नाय बाई, रागावलो नाय मी, तुमी बसा — शाळा सुटल्यावर एवढं चालत आलात, पानी तरी घ्या. तुमी विचारलंत ते बरोबरच हाय. पोरगी पंधरा ऑगस्टला येते, एक मेला येते, मग सव्वीस जानेवारीलाच का घरी? मीच ठेवतो. काका अडानी हाय, असं वाटलं असंल तुमाला — वाटलंच असंल, चेहऱ्यावर दिसतंय. तसं काय नाय. आमच्या तुर्भ्याच्या कंपनीत पंधरा ऑगस्टला झेंडा मीच बांधतो. आत पाकळ्या घालून अशी गाठ मारायची की साहेबानं दोरीला एक झटका दिला की सुटली पायजे. सव्वीस जानेवारी म्हंजे काय तेपन ठाव हाय मला — घटना लागू झाली, राजा कोनी उरला नाय, झोपडीतला नि बंगल्यातला सारखा. चांगला दिवस हाय. मी कुठं वाईट म्हनतो? पन बाई, तुमी तिला नुसतं झेंड्यामागं चालायला सांगितलं असतंत तर या वर्षी मी हो बोललोपन असतो. तुमी तिच्या गळ्यात ढोल घालताय.

हात चांगला हाय तिचा? हाय, मला नका सांगू. महिनाभर घरात दुसरं काय ऐकतोय मी — ताट म्हनू नका, डबा म्हनू नका, काय दिसंल ते वाजवते. परवा पाटावर बसून दोन चमच्यांनी चाललं होतं नि माझा घास हातात राहिला. वहिनी बोलली, भावजी, जेवा ना. कसा जेवू? तोच ठेका. अजून तोच शिकवता तुमी पोरांना.

तिचा बाप मारोती, माझा मोठा भाऊ. तुमी राहता त्या सेक्टरात आमची भाताची खाचरं होती — नाय, तुमाला बोल लावत नाय, तुमी काय कुनाची ओढून घेतली नाय. दादा जमिनीच्या मोर्च्याला चालत गेला, तिथं पोलिसांची गोळी लागली नि टेम्पोत घालून आनला. ही पोरगी, नमिता, तेव्हा रांगत होती. आनि त्याचा दहावा आला सव्वीस जानेवारीला. वर्षश्राद्ध तिथीनं करतो आमी, भटजी सांगंल त्या दिवशी, त्याचं काय नाय. पन माझ्या डोक्यात ती तारीखच बसलीय. तिथी मागंपुढं सरकते, तारीख कुठं सरकते?

खाडीवर गेलो आमी पुरुष मानसं. पिंड ठेवले, भाताशेजारी सुका जवळा ठेवला, विडी ठेवली, त्याला लागायची. समोर तिवरात एक कावळा बसलेला. तुमच्याकडंपन असंलच की, हात जोडून मोठ्यानं बोलायचं — मारोती, तुझ्या पोरीला शिकवू. मारोती, आयेला अंतर देनार नाय. उतरला बाई कावळा. तिवरातनं उतरला, चिखलावर आला, टुन टुन उड्या मारत पिंडापाशी आला. हा तांब्या माझ्यापासनं हाय ना, तेवढ्याच अंतरावर. मान वाकडी करून बघत होता माझ्याकडं. आनि बांधावरनं शाळेची प्रभातफेरी आली. पुढं झेंडा, मागं ढोल. पोरं ती, त्यांना काय ठाव. आमाला बघून गुरुजींनी हात वर केला, थांबा म्हनून, पन तोवर धडाड धडाड झालं होतं. कावळा जो उडाला तो पार दिवाळे गावच्या होड्यांकडं.

मग? मग काय, बसलो. काय काय कबूल केलं — वहिनीला सांभाळू, घर बांधू, बैल विकनार नाय. जमिनीचं मात्र कोनी बोललं नाय. सगळे एकमेकांकडं बघत होते, पन त्याच्या नावानं खोटं कसं बोलनार? जमीन तर गेल्यातच जमा होती. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा केला नि तो शिववला.

आता मला सांगा तुमी, शिकलेल्या हाय — तो ढोलाला भिऊन उडाला, की दादाचं काय राहिलं होतं म्हनून उडाला? ढोलाला भ्यायला असंल तर काय नाय, पाखराची जात. पन दुसरं असंल तर? दर सव्वीस जानेवारीला मी भात घेऊन त्याच जागी जातो. कावळे चिक्कार येतात, भांडून खातात. पन तो प्रश्न त्यांना विचारून काय उपयोग, दहावा एकदाच. आनि इकडं बांधावरनं फेरी यायची वेळ झाली की मी कावळे सोडून बांधाकडंच बघत बसतो. या वर्षी मी तिथं भात ठेवायचा आनि बापाच्या अंगावर ढोल वाजवत यायची त्याची पोरगी?

तिला नाय सांगितलं. तिला काय, वहिनीलापन नाय. खाडीवरनं परतताना भावकीनं ठरवलं, दारात पाय ठेवला की बोलायचं — लगेच शिवला, पोरीचं नाव घेतलं नि शिवला. वहिनी तेव्हा भिंतीला टेकून बसलेली, जेवत नव्हती, पानी पीत नव्हती. ते ऐकलं नि पहिल्यांदा तिनं पोरीला मांडीवर घेतलं. मग कसं सांगनार? पोरगी तर अजून मैत्रिनींना सांगते, माझ्या नावावर बाबा सुखानं गेले —

थांबा. आत भांडी वाजत होती ना?

वहिनी. कधीपासून उभी हायस तू? आनि ती — ती पन हाय का मागं?

बाई, तुमी निघा आता. नाय, ढोलाचं मला नका विचारू, मी कोन सांगनारा. उद्या तिची आये येईल शाळेत, ती काय ते सांगंल. चपला तिथं हायत, दाराशी. निघा तुमी.