पेटीतल्या गोधड्या आणि माझी शिट्टी

...आणि गोधड्यांना काय पाय फुटले? नाही, तुम्हीच सांगा! लेकीच्या लग्नाच्या पेटीतल्या गोधड्या, माझ्या बायकोनं, सदगंजनं, डोळे फोडून टाचलेल्या! सोमवारी पेटी इतकी गच्च की झाकणावर बसावं लागायचं, आणि गुरुवारी झाकण आपलं आपण पडतंय! बायको म्हणे, 'उन्हात घातल्यात.' कुठलं ऊन? गच्चीवर नुसती कबुतरं! तुम्हाला सांगतो, कराचीत आमच्या ल्यारीच्या मैदानावर तीस वर्षं फुटबॉलचा रेफरी होतो मी, माझी शिट्टी उगाच वाजत नाही!

बरं, लेक, माहिकान. कणीक मळताना ओठ हलतायत, बोटं परातीवर टकटक... म्हटलं, दुआ मागत असेल. पण दुआ काय अशी मान झटकून मागतात? आणि भर मे महिन्यात, अख्खी कराची घामानं निथळतेय, तर हिच्या अंगात टोपीवालं जाड जॅकेट! 'अब्बा, हे हिपहॉप आहे.' म्हटलं, असेल, पण हे जॅकेट कुठल्या मुलाचं ते सांग!

त्यात शुक्रवारी होणाऱ्या जावयाची आई गोहरबीबी पेटी बघायला येणार. आमच्यात एकेक गोधडी पसरून टाका न् टाका बघतात, पेटी हलकी निघाली की सोयरीक गेलीच! आणि पोरगी गोधड्या घेऊन पळालीच तर...?

शुक्रवारी दुपारी काखेत बोचकं मारून निघाली, मी मागे. शिरली कुठे? बंद पडलेल्या बॉक्सिंग क्लबात! दार ढकललं, तर चारी भिंतींवर आमच्या गोधड्या! खिळे ठोकून! 'अब्बा, दार लावा, आवाज घुमतो!' अगं, इथे सोयरीक मोडतेय आणि तुला आवाज घुमतो? फुंकली शिट्टी! तिची मैत्रीण यंत्रापुढे कपाळ बडवून घेते, 'झालं! पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड करा!' करा ना! माझी शिट्टी उगाच वाजत नाही!

एवढ्यात मागे बांगड्या वाजल्या. बायको! आणि तिच्यामागे गोहरबीबी! बायको म्हणते, 'पेटी रिकामी, म्हटलं इथंच दाखवू.' घ्या! म्हणजे चोर घरातच!

गोहरबीबी भिंतीच्या कडेनं सरकतायत, टाके चाचपतायत... आणि लेकीनं तोंड उघडलं:

'नळ कोरडा, हंडा कोरडा, टँकरवाला राजा,
त्याला नाही शिट्टी अब्बा, माझाच वाजवता बाजा!'

शिट्टी तोंडात, पण फुंकवेना. लागलं हो... फार लागलं. टँकरवाल्याला मी रोज सलाम करतो ना!

आणि गोहरबीबी? मान डोलावतायत! माझ्या डोळ्यांदेखत! मग म्हणाल्या, 'टाका बारीक आहे. पण तो कोपरा उघडा राहिलाय, तिथून घुमतंय. आमच्या घरच्या दोन गोधड्या पाठवते.'

झालं, सोयरीक पक्की! आता मी रोज दुपारी क्लबाबाहेर खुर्ची टाकून बसतो, रिक्षावाल्यांना हात जोडतो, 'बाबांनो, हॉर्न नको.' गल्ली विचारते, 'उस्ताद, आत काय लपवलंय?' म्हणजे संशय कुणावर? माझ्यावर!

एक शिट्टी मारली असती, सगळे गप्प बसले असते. पण ती गोहरबीबींनी काढून घेतलीय. म्हणाल्या, 'निकाह झाला की परत देऊ.'

देतील...? मला संशयच आहे.