पडून मोडत नाही

सासरे : तिथंच थांबा, जावईबापू. खाली प्लास्टिकची शीट पसरलीय, पाय पडेल.

जावई : मी तिला न्यायला आलोय, बाबा. कुठंय?

सासरे : आत आहे. मी हाक मारणार नाही. यायचं असेल तर येईल.

जावई : एका खेळण्यातल्या विमानापायी माहेरी येऊन बसायचं, हे पटतं तुम्हाला?

सासरे : सुट्टीचा एकेक दिवस घालून केलं होतं तिनं ते. पंख आता मी करतोय. ती सांगते तसा.

जावई : तुम्ही? तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही!

सासरे : म्हणून तर एवढ्या शीट्स वाया गेल्या. पण त्यात एक गोष्ट कळली. हा तुकडा घ्या हातात.

जावई : काय करू याचं?

सासरे : आपटा. जोरात! बघा, ओरखडासुद्धा नाही. जाहिरातीच्या पाट्या करतात ना, तेच हे पन्हळी प्लास्टिक. आत नळ्या असतात, हवेनं भरलेल्या. काल मी अख्खा पंख गच्चीवरून खाली टाकला. उचलून आणला, तसाच्या तसा.

जावई : मुद्द्याचं बोला.

सासरे : पोरगी म्हणाली, पंख कपाटावरून पडून मोडला. मी विश्वास ठेवला. तुम्ही सांगा, कसा मोडला?

जावई : तिनं सांगितलंय ना?

सासरे : तिनं सांगितलं. आता तुम्हाला विचारतोय.

जावई : उलटतपासणी घ्यायला मी काय चोर आहे? बरं. पाय दिला मी त्याच्यावर. झालं समाधान? माझी बदली झालीये, घरभर खोकी पडलीत, आणि ही बाई सामान बांधायचं सोडून पंख चिकटवत बसलेली. टेबलावर सुऱ्या, सरस, कातरण. वर मलाच म्हणे, तुझ्याबरोबर मी येणारच असं कुणी ठरवलं? डोकं फिरलं माझं. रागात होऊन जातं एखाद्याकडून.

(मुलगी आतल्या दारात येऊन उभी राहते.)

मुलगी : रागात नव्हतास तू.

जावई : आलीस? चल, बॅग घे.

मुलगी : अनवाणी होतास. दाराशी गेलास, बूट घातलेस. स्टुलावर बसून लेस बांधलीस, दोन्ही पायांची. मला वाटलं, डोकं शांत करायला फेरी मारून येतोयस. छत्री ने म्हणणार होते. तेवढ्यात तू आत वळलास.

सासरे : हे मला का नाही सांगितलंस?

मुलगी : यानं मोडल्याचं सांगता आलं असतं, बाबा. लेस बांधल्याचं सांगवेना.

जावई : अगं, एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ! नवं घेऊन देतो. दुकानात तयार मिळतात, याच्याहून भारी.

मुलगी : मिळतात.

जावई : मग? शेवटचं विचारतोय, येतेस की नाही?

मुलगी : नाही.

जावई : बाबा, तुम्ही तरी सांगा हिला काही. मोठे आहात.

सासरे : सांगतो. पोरी, पुन्हा कधी कुणाला पाठीशी घालायला माझ्याशी खोटं बोलू नकोस. एवढंच. आणि जावईबापू, जाताना फाटक ओढून घ्या.

जावई : पस्तावाल दोघंही. परत फोन करू नकोस मला.

मुलगी : फाटकाची कडी वरून लागते. वर उचल... हं.

सासरे : गेला. ठेव ते कापायचं पातं खाली. उद्या करू.

मुलगी : नाही, आजच. वरचा एकच पापुद्रा चिरायचाय, मग शीट पुढच्या कडेवर दुमडेल. तुम्ही नुसतं ते टोक धरा.

सासरे : हे घे, धरलं.

मुलगी : जरा सैल, बाबा. तुमची बोटं उमटतायत शीटवर.