वाचनालयाच्या पडद्यावरची चंद्री

चहा नंतर घ्या, आधी माझं ऐका. डोकं अजून ठिकाणावर न्हाय माझं.

आपल्या वाचनालयात रविवारी फुकट माहितीपट दाखवतात ना, तसा काल शेळ्या राखणाऱ्यांवरचा होता. अन् त्यात कोण, तर माझे सासरे! अणदूरहून नवा फेटा बांधून आले अन् माझ्या शेजारीच बसले. म्या तर सगळी गल्ली गोळा केलेली.

पडद्यावर मामा एका शेळीच्या गळ्यात हात टाकून बसलेले. शेळीच्या कपाळावर पांढरा चांद, डावा कान कुत्र्यानं फाडलेला. बायकोनं माझा हात करकचून धरला. "अवो, ही तर आपली चंद्री!"

गेल्या साली आमच्या गोठ्यातून चोरीला गेलेली चंद्री! तवा हेच मामा जळकोटपर्यंत माझ्यासंगं हुडकत फिरले होते, चोराला शिव्या देत.

पडद्यावरचे मामा सांगत होते, "पोटच्या पोरीवाणी वाढवलीय हिला. पण चोर लई माजल्यात. मुकं जनावर न्यायला लाज कशी वाटत न्हाय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाइट लागली. ग्रंथपाल म्हणाले, "आता मामांचा सत्कार, जावईबापूंच्या हस्ते!"

म्या हार घातला अन् कानात म्हणलं, "मामा, चंद्री गाभण होती."

मामांनी हार सारखा केला, फोटोवाल्याकडं बघून हसले अन् तसंच हसत मला म्हणले, "दोन पिल्लं झाली. त्यातलं एक तुमचं."