मगरीने नेलेली बोटं

सुतार : डोकं मागे टाकू नका, पाळकसाहेब. रक्त घशात उतरेल. पुढे वाका, नाक चिमटीत धरा. हां, असं.

पाळक : टेबलावरचा तो कागद द्या आधी. सहा वाजता चर्चचे पंच बसणार आहेत.

सुतार : वाचला मी. 'किशोरांचा संघ आजपासून बंद.' अक्षर सुरेख आहे. एवढं सुरेख लिहिलंत म्हणजे हाड काही मोडलेलं नाही.

पाळक : थट्टा नको, काका. संघाची ही माझी पहिलीच सभा. प्रार्थनेला डोळे मिटले आणि उघडले, तर वीस मुलं एकमेकांच्या नरड्यावर. एकाने दुसऱ्याचा कान दातात धरलेला. ती वेल्डरची मुलगी बाकाचा पाय उपटून त्या बोक्या नावाच्या पोराच्या डोक्यात घालत होती. मी मधे पडलो नसतो तर कवटी फुटली असती.

सुतार : तो पाय सैलच होता. माझाच एक खिळा राहिला.

पाळक : तुम्हाला खिळ्याचं पडलंय.

सुतार : साहेब, ही नुसती ढकलाढकली. आधीच्या म्हाताऱ्या पाळकांची पहिली सभा बघायला हवी होती तुम्ही. वरची गल्ली नि खालची गल्ली, साखळ्या, सळया, सगळं घेऊन हजर. बाजाची पेटी एकाच्या डोक्यात घातली, तर पेटी सोमवारपर्यंत वाजत होती. केर काढला तर ओंजळभर दात निघाले. कुणाचा कुठला कळेना, शेवटी सगळ्यांना सारखे वाटून दिले.

पाळक : आणि असा हा संघ पंचवीस वर्षं टिकला?

सुतार : म्हाताऱ्याने दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि एकच नियम सांगितला. ज्याने रक्त काढलं त्याने त्याच माणसाच्या शेजारी बसायचं. वर्षभर, दर रविवारी, दोघांत एक गीतपुस्तक. एवढ्यावर संघ उभा राहिला, साहेब. प्रवचनं नंतर आली.

पाळक : तुमची ही दोन बोटं त्याच दिवशी गेली का?

सुतार : छे, ती मगरीने नेली. पुलाखाली हात धूत होतो...

पाळक : मागच्या रविवारी करवतीने गेली होती.

सुतार : करवतीने एक. मग रक्ताच्या वासाने मगर आली.

(दार ढकलून वेल्डरची मुलगी आत येते. हातात अजून बाकाचा पाय आहे.)

मुलगी : काका, बोक्या म्हणतो, तुमची बोटं माझ्या बापाने तोडली.

सुतार : आधी तो पाय खाली ठेव.

मुलगी : सगळ्यांसमोर कसायाची पोर म्हणाला मला. म्हणून मारलं. मगरच होती ना? तुम्ही हो म्हणा, मग त्याचं तोंड फोडून येते.

सुतार : होती की. पंधरा हात लांब. शेपटीचा एक फटका, आणि...

मुलगी : माझ्याकडे बघून सांगा.

पाळक : सांगून टाका, काका. नाहीतर ही खरंच जाईल.

सुतार : पटाशीने तोडली. माझीच, लाकूड कोरायची पटाशी होती. तुझा बाप सोळाचा, खालच्या गल्लीतल्या एका पोराला भोसकायला निघाला होता. मी मधे पडलो. त्याने माझा हात बाकावर दाबला आणि घाव घातला. पहिल्या घावाला हाड तुटलं नाही. मग दुसरा घातला.

मुलगी : मग मगर कशाला आणलीत?

सुतार : तू चार वर्षांची होतीस. आम्हा दोघांच्या मधे बसून विचारलंस, काका, बोटं कुठे गेली? तुझा बाप चुन्यासारखा पांढरा पडला. मला पटकन मगर सुचली.

मुलगी : घरी तो त्या मगरीचं नाव काढू देत नाही.

सुतार : माहीत आहे.

मुलगी : त्या नियमाने वर्षभरच बसायचं होतं ना? तो तर अजून तुमच्याच शेजारी बसतो.

सुतार : डाव्या हातात पुस्तक धरतो मी. उजव्याने पान उलटत नाही. तो उलटतो.

पाळक : पंचांना काय सांगू मग? माझं नाकही मगरीनेच फोडलं?

मुलगी : नाही. मी फोडलं.

पाळक : काका, तो कागद द्या.

सुतार : पंचांकडे मी पोचवू का?

पाळक : नको. नाकावरचं हे फडकं पार भिजलंय, लावायला दुसरं काही हाताशी नाही.

मुलगी : पाळकसाहेब, मी कुठल्या बाजूला बसू?

पाळक : डावीकडे बस. आणि पुस्तक तूच धर, माझे दोन्ही हात नाकाला लागलेत.