छतावर दोन सायकली

'नियम म्हणजे नियम', म्हणं! आवो प्रतीक सर, नियम काय तुमच्या परड्यात उगवतो व्हय, तुम्ही खुडणार आन् आम्ही मुकाट खायचा? पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं, वर अट्ठेचाळीस सेकंद झाले, दामूचं नाव खोडलं, विषय संपला... असा कसा संपला? कुणी संपवला? मला विचारून संपवला?

न्हाय, ते हितं न्हाईत, दिसतंय की मला! टीमचे मॅनेजर हायत, सत्काराला येतो म्हणले आन् आले न्हाईत, म्हणून त्यांच्या खुर्चीला बोलतोय. भालचंद्रराव, माइक ओढू नका. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष, तुम्हीच म्हणलात, 'मामा, टीमची गाडी तुम्ही चालवली, दोन शब्द बोला.' आता बोलतोय तर घड्याळ कशाला दावताय? दीड वाजलाय, पुऱ्या गार होत्यात, ठाऊक हाय मला. होऊ देत. गार पुरीनं कुणी मेलेलं न्हाय.

तर मंडळी, तुम्हाला सांगतो, हा अंशुमन, तुमच्या मयूर विहारचा पोरगा, पाच दिवसाची शर्यत जिंकला. शाल घातली, नारळ दिला, रास्त हाय. पोरानं पाय तोडलेत, मी गाडीतनं बघितलंय. पर त्याच टीमात माझा भाचा हुता, दामू. पार्वतीचा पोरगा, माझ्या धाकट्या बहिणीचा, विट्याजवळचा. पाच दिवस त्यानंबी तेवढीच सायकल हाणली. आन् काल निकालाचा कागद लागला तर त्याच्या नावापुढं आडवी रेघ! आडवी रेघ म्हणजे काय? म्हणजे हा माणूस पोचलाच न्हाय. आवो, मी त्याला पोचताना बघितलाय, बाटलीतलं पाणी मी त्याच्या डोक्यावर ओतलंय, ते काय भुताच्या डोक्यावर ओतलं?

आन् ती रेघ नुसती रेघ न्हाय. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातली जागा निघालीय, त्याला दाखला लागतो, मोठी शर्यत पुरी केल्याचा. मार्चला पोरगं सत्तावीस पुरं करतंय, मंग वय संपलं. म्हणजे दामूला हीच एक शर्यत हुती. आन् हिच्यात रेघ. आता कळलं मी कशाला वरडतोय?

कळलं न्हाय. त्या निळ्या साडीतल्या ताई मघाशी मला विचारत्यात, 'मामा, पाच दिवस सायकल चालवतात तर मधे मेट्रोनी नाही का जाता येत?' ताई, मलाबी पयल्यांदा कळलं न्हवतं. मी आपला कस्तुरबा गांधी मार्गावर गेस्ट हौसात डायव्हर, बावीस वर्सं. दिल्लीचे रस्ते पाठ, म्हणून दामूनं सरांना नाव सांगितलं, आठ दिवसाची सुट्टी काढली आन् टीमच्या गाडीवर बसलो. मला वाटलं शर्यत म्हणजे काय, जो म्होरं तो जिंकला. आमच्याकडं बैल पळतात तसं. तर न्हाय! रोज येगळाच कुणीतरी जिंकतो, आन् शेवटी सगळ्या दिवसांच्या येळेची बेरीज मारून भलताच जिंकतो, जो एकबी दिवस पयला आला न्हाय! हा अंशुमन एक दिवस तरी पयला आला का विचारा. न्हाय आला. मी सरांना म्हणलं, 'सर, ही शर्यत हाय का तलाठ्याचं हापिस?' तर सर काय म्हणले? पुण्याचा माणूस, पर वॉकीटॉकी हातात आली की हिंदीच सुरू... 'टीम गेम है, मामाजी!'

टीम गेम. म्हणजे काय, तर सहा पोरं. त्यातला एक साहेब, बाकी पाच चपराशी. साहेबानं मागं बसायचं, चपराश्यानं म्होरं ऱ्हाऊन वारा खायचा. का? तर म्होरच्यानं वारा फोडला की मागच्याला निम्मी ताकद लागती. साहेबाला तहान लागली की चपराश्यानं घोळक्यातनं मागं गाडीपाशी यायचं, बनियनमधी आठ बाटल्या कोंबायच्या, पाठीला उंटावानी कुबाड, आन् परत पायडल मारत म्होरं जाऊन वाटायच्या. हे कोण करायचं? दामू. हरियाणात नूहच्या रस्त्यावर एका दिवसात अकरा येळा आला माझ्या खिडकीपाशी. म्हणलं, 'दाम्या, तू शर्यतीत हायस का पंगतीत वाढायला?' तर हसतंय येडं. 'मामा, दोन थंड द्या, अंशुमनला थंड लागतं.'

आन् ऐका, साहेबाला लघवीला लागली की साहेब उतरायचा रस्त्याकडंला, आन् बाकीचे पाचबी उतरायचे! लागलेली असू दे नसू दे! कारण तो एकटा मागं ऱ्हायला तर वारा कोण खाणार? पाच जणं ज्वारीच्या पिकासारखी रांगेत उभी, आन् सर घड्याळ बघत्यात. मी म्हणलं, 'सर, निदान ह्यात तरी...' तर, 'टीम गेम है, मामाजी!'

हसा. हसा की. मीबी हसलो हुतो, चार दिवस.

पाचवा दिवस. काल. सोहन्याचा डोंगर तीनदा चढायचा आन् मंग सपाटीला येऊन शेवट. अंशुमन बेरजेत पयला, पर कितीनं? एकोणीस सेकंदानं. एकोणीस सेकंदात माझी गाडी चालूबी होत न्हाय थंडीची. आन् दामू... तुम्हाला सांगतो, डोंगर म्हणला की ते पोरगं येगळंच. ल्हानपणी यंत्रमागाच्या सुताच्या बाचक्या मागं बांधून चढ चढायचं, एका मागावरनं दुसऱ्या मागावर, बाचक्यांमागं पोरगं दिसायचं न्हाय. तसल्याला हा सोहना म्हणजे काय! तिसऱ्या चढाला सुटलं की ते! एक पंजाबी पोरगा आन् हे, दोघंच म्होरं, घोळका दोन मिनिटं मागं. सर गाडीत उड्या मारत्यात. मी हॉर्नवर हात ठेवलेला उचलंना. मनात म्हणलं, पारू, तुझं पोरगं आज पयलं येतंय गं. दाखला कसला, दाखल्याला चौकट कराय लागती आता!

आन् वॉकीटॉकी बोलली. 'सर, मी सुटतोय मागे, बाकी सगळे गेले, मी एकटा आहे.' ह्याचाच आवाज. अंशुमनचा.

सरांनी दोन सेकंद डोळं मिटलं. मी बघितलं. आन् मंग बटण दाबलं. 'दामू, रुक जा. अंशुमन के लिए रुक.'

मी म्हणलं, सर! ते जिंकतंय!

'मामाजी, टीम गेम है.'

आन् ते थांबलं. थांबलं की वो! जिंकत हुतं आन् थांबलं. पंजाबी पोरगा दोनदा मागं वळून बघतोय, ह्याला काय झालं म्हणून. घोळका म्होरं गेला तरी रस्त्याकडंला एक पाय टेकून उभं, जसं कुणी बसची वाट बघतंय. अंशुमन आला, ह्यानं त्याला पाठीमागं घेतला आन् निघालं, वारा खात.

आता तुम्ही म्हणाल, चला, झालं. न्हाय झालं. शेवट सात किलोमीटरवर आला आन् अंशुमनची सायकल खड्ड्यात गेली. मागचा गेअर मोडून चाकात घुसला, चाक जाम. आमची गाडी दुसऱ्या गाड्यांच्या रांगेत मागं अडकलेली. मंग? परत बटण. 'दामू, साइकिल दे दे.' दोघांची मापं सारखी. दामू उतरला, आपली दिली, ह्याची मोडकी घेतली, आन् ह्याच्या पाठीवर हात ठेवून पळत पळत ढकलून दिला ह्याला. सगळं मिळून धा सेकंद. अंशुमन गेला. अकरा सेकंदानं शर्यत जिंकला. ती शाल, बघा, त्या धा सेकंदाची हाय.

आन् दामू ऱ्हायला रस्त्यावर.

थांबा, भालचंद्रराव. आता खरं म्हणायचंय ते ऱ्हायलंय. बसा.

माझ्या गाडीच्या छतावर दोन सायकली बांधल्या हुत्या. दोन! बदलीच्या. त्यासाठीच तर गाडी असती टीमच्या मागं. उतरवायला अर्धं मिनिट लागतं. रांग सुटली, मी गाडी काढली, आन् लांबनं दिसला. मोडकी सायकल खांद्यावर, एक हात वर. मला बघून हसला. त्याला वाटलं, मामा आला.

मी बिरेकवर पाय नेला. खोटं सांगत न्हाय, नेला. आन् मागच्या सीटवरनं सर म्हणले, 'रुकना मत. अंशुमन अकेला है. चलो.'

आन् मी गेलो.

कोण गेला? मी! मंडी हौसाच्या गोल चौकात ट्राफिक पोलिसाची कॉलर धरलेला माणूस मी. बायको म्हणती, 'तुमच्या तोंडापायी आपल्याला कुणी लग्नाला बोलवत न्हाय', तो मी! सरांना दोन ठेवून दिल्या असत्या, गाडी आडवी लावली असती, म्हणलं असतं काढ सायकल... काय बी केलं न्हाय. बावीस वर्सं साहेब लोकांच्या गाड्या चालवतोय. मागनं आवाज आला 'चलो' की पाय दाबतो. डोस्क्याला इचारतच न्हाय. ह्या पायाला सख्खा भाचा कळला न्हाय! आरशात बघितलं, तर हात अजून वरच हुता. आम्ही गेल्यावरबी. त्याला वाटलं असंल मामा म्होरं जागा बघून थांबवतोय.

मंग ते पळालं. त्या बुटाला खाली लोखंडी टाच असती, पळता येत न्हाय, म्हणून बूट काढून, मोज्यांवर, खांद्याला सायकल, दोन किलोमीटर. मंग आयोजकांची व्हॅन आली, त्यांनी एक सायकल दिली, ती बी दोन मापं ल्हान, गुडघं कानाला लागतात अशी. तसलं सर्कशीतलं अस्वल बनून शेवटचं पाच किलोमीटर हाणलं पोरानं, लोकं फोटो काढत हुती, हसत हुती. पयला पोचला की पंधरा मिनिटाच्या आत बाकीच्यांनी पोचायचं, हा त्यांचा नियम, आन् ह्याला वर अट्ठेचाळीस सेकंद उशीर.

रातच्याला... न्हाय, ते ऱ्हाऊ दे. तळपायाला पट्ट्या बांधून माझ्या कॉटरात बसलंय ते. सत्काराला आलं न्हाय, चालता येत न्हाय त्याला. मला शिव्या दे म्हणलं, कानफटात मार म्हणलं. तर म्हणतं कसं, 'मामा, सर बरोबर बोलले. तुम्ही थांबला असता तर अंशुमन हरला असता.' आवो, असं कुणी बोलतं का? आन् पार्वतीचा फोन. 'दादा, पेपरात नाव आलं का रं दामूचं?' आलं म्हणलं. मोठं आलं म्हणलं. कात्रण पाठव म्हणती.

आता अंशुमन, तू माझ्याकडं बघ. खाली नको बघू, नारळ कुठं पळत न्हाय. आज सकाळी मी पंचांच्या हापिसात जाऊन आलो. साधना मॅडम म्हणून हायत, मोठ्या पंच. मी वरडलो, टेबलावर हात आपटला, त्यांनी पाणी दिलं आन् सगळं ऐकून घेतलं. म्हणल्या, टीमच्या हुकमावरनं थांबला, आपली सायकल दिली, टीमची गाडी पुढं गेली, हे कुणी लिहून दिलं तर नाव निकालात परत घालण्याचा विचार करता येतो. पर मॅनेजरनं न्हाईतर कप्तानानं, म्हणजे तू, लिहून द्यायचं. आज पाच वाजेपर्यंत. माझं म्हणणं त्यांनी घेतलं, मी डायव्हर, माझ्या एकट्यावर भागत न्हाय.

सरांकडं गेलो. सर म्हणले, लिहून दिलं तर लोक म्हणतील टीमनं आपलाच खेळाडू रस्त्यात टाकला, पुढच्या वर्षी टीमला दारात कोण उभं करंल? नियम म्हणजे नियम, मामाजी. आन् तुला सकाळपास्नं तीनदा फोन केला. तू काय म्हणलास? तुझ्याच शब्दात सांगतो. 'मामा, मी बिल्कुल देतो यार, फक्त सरांना एकदा विचारून सांगतो.'

इचारून.

पोरा, तुझ्यावर राग न्हाय माझा. मी कुठल्या तोंडानं रागवू? मी बी तेच केलं की, डोस्क्याला न्हाय इचारलं, सरांचं ऐकलं. आपण सगळी तसलीच. हितं बसलेली अर्धी मंडळी मंत्रालयात हायत, त्यांना इचार, वरून शेरा आल्याबिगर कुणी कधी खिडकी तरी उघडलीय का. पर तो एक हात अजून वर हाय रस्त्यात. आपण दोघंबी त्याच्या बाजूनं निघून आलोय. तू सायकल घेऊन आन् मी दोन सायकली घेऊन.

हा कागद. आमच्या भालचंद्ररावांच्या मंडळीनं, वासंतीवैनींनी, टाइप करून दिलाय, चार ओळी हायत, एकबी खोटी न्हाय. तुझ्याबद्दल वाकडं काय न्हाय. खाली माझं नाव हाय, म्या अंगठ्यासारखी का होईना सही केलीय. वरची जागा कोरी हाय.

मेट्रोनं पाच वाजेपर्यंत पोचतो मी. मंडळी, तुम्ही जेवा खुशाल, ह्याच्यानंतर.

टेबलावर हार पडल्यात, जागा न्हाय. असू दे. मी वाकतो, माझ्या पाठीवर कागद ठेव. हे बघ, वाकलो. उठ, आन् सही कर.